चार पट्ट्या

"हणमंत, परत अडकलं बघ."

उपाध्ये अक्का फोनवर एवढंच बोलायच्या. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही.

"येतो की अक्का. दुकान बंद करून येतो."

"आज सात वाजून दहा मिनिटांनी मावळतोय. त्याच्या आत ये." आणि फोन ठेवून द्यायच्या.

मावळतोय म्हणजे सूर्य. अक्का पक्क्या जैन. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब तोंडात घालायच्या नाहीत आणि दुसऱ्याच्या ताटातही वाढायच्या नाहीत. त्यामुळं त्यांच्याकडं जेवायचं तर मला सूर्याच्या आधी पोचावं लागायचं. कुरुंदवाडात एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बस्तीच्या मागच्या बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर. बस्ती म्हणजे जैन मंदिर, आमच्याकडं तसंच म्हणतात. सायकल दामटली की सहा मिनिटांत दारात.

त्या दिवशी, जुलै अर्धा झाला असेल, मी गेलो तेव्हा अक्का मशीनपुढं हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पडद्यावर त्यांचा तक्ता होता, मार्च महिन्याचा, आणि सगळं थिजलेलं. माऊस हलवला तरी बाण हलत नव्हता.

"किती वेळ झाला?"

"चार वाजल्यापासून. मी कशाला हात नाही लावला हं. तू म्हणाला होतास ना, अडकलं की हात लावू नका."

"बरं केलंत."

मी कॅबिनेटचं झाकण काढलं. आतल्या खाचांमधनं रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, चार पट्ट्या एकेक करून उपसल्या, टेबलावर पेपर पसरून त्यावर मांडल्या, आणि खिशातनं शाळेतलं खोडरबर काढून त्यांच्या सोनेरी कडा घासायला लागलो. आमच्या धंद्यात हे खोडरबर स्टेथोस्कोपसारखं. रोग कुठलाही असो, ते काढलं की गिऱ्हाइकाला धीर येतो.

अक्का वाकून बघत होत्या. "काय झालं होतं?"

"धूळ बसलीय."

"मी रोज पुसते की रे."

"तुम्ही बाहेरची पुसता. ही आतली."

"असं," म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला. चारी पट्ट्या होत्या तशा परत बसवल्या, बटण दाबलं, मशीन सुरू झालं. अक्कांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो बघून मलाच कसंतरी झालं.

"हात धू," त्या म्हणाल्या. "दोडक्याची भाजी आहे. दही आहे. भाकरी गरम करून वाढते, बस."

आता कशाला लपवायचं. त्या पट्ट्यांवर धूळबीळ काही नव्हती. दोष काय होता ते मला जूनमध्ये पहिल्याच खेपेला कळलं होतं. आणि तो मी तसाच ठेवला होता.

काय झालं होतं, ते सांगतो. अक्कांच्या मशीनमध्ये आधी रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एका पाकिटातनं आलेली जोडी, एका वेगाची, वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं चाललेली. मे महिन्यात त्या म्हणाल्या, बारा महिन्यांचे तक्ते एकदम उघडले की फार हळू चालतंय. मी म्हटलं, मेमरी वाढवू. माझ्याकडं एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतनं आणलेली दुसरी जोडी पडून होती. कंपनी वेगळी, वेग वेगळा. दोन खाचा रिकाम्या होत्या, तिथं ती बसवून दिली. मशीन सुरू झालं, पडद्यावर दुप्पट आकडा दिसला, मी खूश, त्या खूश. खरं तर अशी मिसळ केली की मशीन दिवसभर तपासणीला लावून बघायचं असतं. एवढा दम कुणाला असतो? सुरू झालं ना, मग झालं. कुरुंदवाडात तरी सगळे असंच करायचे.

आठ दिवसांत अडकायला लागलं. दोन वेगवेगळ्या चालीच्या बैलजोड्या एका नांगराला जुंपल्या तर काय होणार, तेच. मी गेलो, बघितलं, कळलं. बाहेरची जोडी काढायची, पाच मिनिटांचं काम. हात त्या पट्टीपर्यंत गेलाही होता. तेवढ्यात आतनं अक्का म्हणाल्या, "हणमंत, तू काल काय जेवलास?"

हसू नका. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. आजऱ्याला आई होती तोवर महिन्यातनं एकदा गावाकडं जाणं व्हायचं. ती गेली आणि भावानं बोलणं टाकलं. लग्न एकदा ठरलं आणि मोडलं, त्याची गोष्ट वेगळी. खोली भाड्याची, जेवण खानावळीतलं. दिवसभर दुकानात पन्नास माणसं यायची आणि पन्नासच्या पन्नास मशीनबद्दल बोलायची. माझं दुपारचं डोकं दुखतंय का, सदऱ्याचं बटण तुटलंय का, याच्याशी कुणाला काय करायचंय? आणि ही बाई विचारत होती, काल काय जेवलास.

"काल... वडापाव खाल्ला."

"आणि?"

"आणि वडापावच."

"अरे देवा. बस इथं. भाकरी टाकते."

मी पट्टी होती तिथंच ठेवली. अडकेल तर अडकेल, म्हटलं. अडकतं, बंद करून चालू केलं की चालतं, कुणाचं काय जातंय? आठवड्यातनं एकदा बोलावणं येईल, एवढंच. बोलावणं आल्याशिवाय एकट्या बाईच्या घरी मी कुठल्या तोंडानं जाणार होतो? पैसे मी घेत नव्हतो. मला वाटायचं त्यात सगळी फिट्टंफाट झाली.

अक्का तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. एकोणिसाव्या वर्षी मगदूमांच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायला लागल्या, आणि खिळे जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा चाळिशी उलटलेली असताना तेही शिकल्या. लग्न केलं नाही. आईचं करण्यात वर्षं गेली. छापखान्यातनं निवृत्त झाल्यावर एकच काम त्यांनी स्वतःकडं ठेवलं होतं: मगदूम दरवर्षी जैन समाजासाठी जी दिनदर्शिका काढायचे, तिचे तक्ते जुळवण्याचं. रोजची तिथी, रोजचा सूर्योदय, रोजचा सूर्यास्त. बेळगावचे एक पंडित सगळं हातानं लिहून पाठवायचे आणि अक्का ते घरी बसून टाईप करायच्या.

"बावीस वर्षांत एक आकडा चुकला नाही," त्या मला एकदा वाढता वाढता म्हणाल्या. बढाई म्हणून नाही हं, भाकरी जाड झाली का असं विचारावं तसं म्हणाल्या. "लोक यावर जेवतात, हणमंत. सूर्यास्त सहा चौदाला आणि मी सहा सोळा छापलं, तर कुणाचं तरी व्रत मोडतं. त्यांना कळतही नाही. पाप माझ्या माथी."

त्यांची तपासायची रीतही बघण्यासारखी होती. पंडितांच्या कागदावर ओळीखाली फूटपट्टी, एका हाताचं बोट पडद्यावर, दुसऱ्या हातात लाल पेन्सिल, आणि कागदावरच्या एकेका आकड्याला बारीक खूण. एका महिन्याचा तक्ता दोनदा वाचायच्या, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर.

जून गेला, जुलै गेला. आठवड्याला एक फोन, कधी दोन. माझं वजन वाढलं. मला घेवडा आवडतो, पडवळ आवडत नाही, हे त्यांना पाठ झालं. मी आईबद्दल बोललो. त्याही त्यांच्या आईबद्दल बोलल्या, पण थोडंच. शेवटची सहा वर्षं आई त्यांनाच विचारायची, "बाई, तुम्ही कुणाच्या?" एवढं सांगून त्या उठल्या आणि दही आणायला गेल्या.

ऑगस्टमध्ये त्या गप्प गप्प राहायला लागल्या. वाढताना मध्येच थांबायच्या. मी एकदा विचारलं, "अक्का, बरं नाही का?" तर म्हणाल्या, "डोळे दुखतात." मला वाटलं, असेल. खरं म्हणजे मला फार विचारायचं नव्हतं. ताट समोर होतं.

ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी सकाळीच त्यांचा फोन आला.

"हणमंत, आज ये."

"अडकलं का?"

"नाही. मशीनला काही झालं नाही. जेवायला ये. सहा पन्नासला मावळतोय."

फोन ठेवला आणि मी दुकानात एकटाच हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला कामाशिवाय बोलावलं होतं. म्हटलं, हणमंता, जमलं तुझं. आता त्या पट्ट्यांची गरज नाही. आजच गुपचूप काढून टाकू आणि विषय मिटवू.

दुपारी आण्णासाहेब मगदूम दुकानात आले. छापखान्याचे मालक, धोतर-कोट घालणारा शेवटचा माणूस गावातला. प्रिंटरची शाई भरून घ्यायची होती. मी शाई भरत होतो, ते स्टुलावर बसले होते, आणि हातात गुंडाळलेले कागद.

"हणमंत, उपाध्ये अक्कांचं मशीन तूच बघतोस ना?"

"होय की."

"मशीन बरं आहे?"

"बरं आहे," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो. माझ्या दुकानातनं गेलेलं मशीन बरं नाही, असं मी मगदूमांना कशाला सांगू?

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग वयच झालं म्हणायचं. बघ." कागद काउंटरवर पसरले. दिनदर्शिकेचे कच्चे छाप. ठिकठिकाणी पेनानं गोल केलेले. "नऊ जानेवारी. सहा चौदाच्या जागी सहा चोपन्न. हे बघ, फेब्रुवारी, सहा एकतीसचं सहा पस्तीस. असे अकरा सापडले. अक्कांना दाखवले. त्यांचा चेहरा... जाऊ दे. म्हणाल्या, आण्णा, मी हे दोनदा वाचलंय, पंडितांच्या कागदावर माझी खूण आहे. खूण आहे, खरंच आहे. पण छापलेला आकडा चुकीचा."

मी कागदावर वाकलो. पहिल्यांदा नुसतं बघितलं. मग परत बघितलं आणि हातातली शाईची पिचकारी खाली ठेवली.

माणूस टाईप करताना चुकतो तेव्हा शेजारचं बटण दाबतो, नाहीतर मागचा आकडा पुढं घेतो. इथं तसं काही नव्हतं. एकाचा पाच झाला होता, शून्याचा चार, दोनाचा सहा, तिनाचा सात. अकराच्या अकरा ठिकाणी आकडा बरोबर चारानं वाढलेला. माणसाचं डोकं इतक्या शिस्तीत चुकत नाही. हे मेमरीचं काम होतं. त्या मिसळलेल्या पट्ट्यांमध्ये एका जागी चाराच्या किमतीचा एक कण, ज्याला बिट म्हणतात, आपोआप चालू व्हायचा, आणि तिथं जो आकडा जाऊन बसायचा तो बदलून बाहेर यायचा. अक्का बरोबर टाईप करत होत्या, बरोबर तपासत होत्या, खूण करत होत्या. मग फाईल साठवताना मशीन मागनं आकडा फिरवत होतं.

"काय वाटतं तुला?" मगदूमांनी विचारलं.

सांगायची हीच वेळ होती. माणूस समोर, कागद समोर, प्रश्न सरळ. मी काय म्हणालो माहिती आहे?

"होतं असं वयात," म्हणालो.

"तेच," ते म्हणाले, आणि कागद गुंडाळून गेले.

सव्वासहाला मी अक्कांच्या दारात होतो. टेबलावर मशीनला जुन्या लुगड्याचं शिवलेलं आवरण घातलेलं होतं. शेजारी पंडितांचे कागद दोऱ्यानं बांधून ठेवलेले. पाट मांडला होता, ताट वाढलेलं होतं: वरण, घेवड्याची भाजी, भाकरी, आणि वाटीत गव्हाची खीर. एकच ताट.

"तुमचं?"

"तू सुरू कर. मी मागनं बसते. वेळ आहे अजून."

मी भाकरीचा तुकडा मोडला. त्या समोर भिंतीला टेकून बसल्या.

"मंगळवारी मिरजेला जाऊन आले. डॉक्टरकडं."

"कसल्या?"

"डोक्याच्या."

माझा घास तसाच राहिला.

"कागदावर घड्याळाचं चित्र काढा म्हणाला. काढलं. पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. पाचही सांगितले. म्हणाला, सध्या ठीक आहे." त्या थोडं हसल्या. "सध्या."

"मग ठीकच आहे की अक्का."

"त्याला घड्याळ दिसलं. मला आकडे दिसतात, हणमंत. पंडितांच्या कागदावर माझ्या हातची खूण आणि छापात भलताच आकडा. एकदा नाही, अकरा वेळा. आईचंही असंच सुरू झालं होतं. दूध उतू गेलं तर म्हणायची, मी गॅस बंद केला होता. शपथ घेऊन सांगायची. मी तिच्यावर चिडायचे." त्या हाताची बोटं बघत होत्या. "आज आण्णांना सांगितलं, हे कागद उद्या घेऊन जा. दुसऱ्या कुणाला तरी द्या. हुबळीला माझा भाचा आहे, तो घराला गिऱ्हाईक बघतोय. दिवाळीपर्यंत जाईन तिकडं. कुणाच्या तरी नजरेखाली असलेलं बरं. आईला मी होते. म्हटलं, जायच्या आधी तुला एकदा नीट जेवायला घालावं. तू इतक्या वेळा धावत आलास."

बाहेर बोळात कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

खरं सांगतो, त्या क्षणालासुद्धा माझ्या मनात पहिलं काय आलं, तर या हुबळीला गेल्या तर माझं काय? त्यांचं काय हे नंतर आलं. लाज वाटते सांगायला, पण क्रम तोच होता.

"अक्का, दोष मशीनचा आहे."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"नाही. मे महिन्यात मी दुसरी जोडी घातली ना, ती तुमच्या जोडीशी जुळत नाही. त्यानं अडकतं. आणि आकडेही त्यानंच बदलतात. अकराच्या अकरा चुका बरोबर चारानं वाढलेल्या आहेत, माणसाकडनं असं होतच नाही. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. एकही चूक तुमची नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू सैल झालं, डोळे भरले. पदरानं पुसले. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"आकड्यांचं आज दुपारी. आण्णांनी कागद दाखवले तेव्हा."

"आणि जोडी जुळत नाही, ते?"

थाप मारता आली असती. आजच म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण त्या बावीस वर्षं आकडे तपासणाऱ्या बाई होत्या, आणि त्या तशाच माझ्याकडं बघत होत्या.

"पहिल्या खेपेला."

"जूनमध्ये."

"होय."

"आणि धूळ?"

"धूळ नव्हती."

"मग काढली का नाहीस?"

मी ताटाकडं बघत होतो. "काढली असती तर तुमचा फोन आला नसता."

त्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"महिनाभर मी रोज सकाळी उठून आरशापुढं उभी राहते. स्वतःला आईचं नाव विचारते. वडलांचं विचारते. छापखान्यात माझ्याबरोबर होत्या त्या बायांची नावं म्हणते, सातही. मग गॅस बंद आहे का बघते, परत जाऊन बघते. बाहेर निघताना हातावर घराचा पत्ता लिहिते, हणमंत. आणि तू इथं बसून जेवत होतास."

"मला आकड्यांचं माहीत नव्हतं, अक्का."

"ऊठ."

"अक्का..."

"ऊठ त्या ताटावरनं."

मी उठलो. हात धुतला. मोरीतनं बाहेर आलो तर त्यांनी मशीनवरचं आवरण काढून घडी घातली होती. "काढ ती," म्हणाल्या. झाकण उघडलं, माझी जोडी उपसली, खिशात घातली. त्यांची जुनी जोडी जागच्या जागी दाबून बघितली. मशीन सुरू केलं. हळू चाललं, पण चाललं.

"हळू चालेल," मी म्हणालो. "चुकायचं नाही."

"जा आता."

दाराबाहेर आलो तेव्हा बोळात उजेड होता, पण ऊन नव्हतं. बस्तीच्या कळसावरही नव्हतं. सूर्य मावळून गेला होता. अक्का माझ्याशी बोलत बसल्या आणि त्यांचं ताट वाढायचंच राहिलं. म्हणजे त्या दिवशी त्या उपाशी झोपल्या असणार.

त्यानंतर त्यांचे दशलक्षण पर्वाचे दहा दिवस सुरू झाले, उपासाचे. मी त्या बाजूला फिरकलो नाही. मगदूम मात्र दुकानात आले, पेढ्यांचा पुडा घेऊन.

"हणमंत, तू माणूस आहेस की कोण? अक्कांनी सांगितलं मला. मशीनमध्ये काहीतरी बारीक दोष होता, तो तू शोधून काढलास म्हणे. सगळे तक्ते परत केले त्यांनी, लखलखीत. हुबळीला जाणं रद्द. आणि मी मूर्खासारखा त्यांना वय झालं म्हणत होतो. घे, पेढा घे."

"एवढंच सांगितलं त्यांनी?"

"आणखी काय सांगायचं? असा कारागीर गावात नाही, हे मीच सगळ्यांना सांगतोय."

आणि सांगितलंही त्यांनी. महिन्याभरात माझं काम दुप्पट झालं. नृसिंहवाडीपासनं, शिरोळपासनं लोक मशीन घेऊन यायला लागले. मी खोडरबर घेऊन बसायचो आणि प्रत्येकाकडनं कौतुक ऐकायचो. अक्कांनी मला गावात उघडं पाडलं असतं तर मी एक दिवस रडलो असतो आणि गाव सोडलं असतं. हे त्याहून अवघड होतं.

पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी जैन लोक एकमेकांच्या घरी जाऊन क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल, कुणाला दुखावलं असेल, तर हात जोडायचे आणि मागायची. थोरली माणसंही लहानांकडं जातात. मी सकाळी दुकान उघडून झाडत होतो, आणि पायरीशी अक्का उभ्या. पांढरं लुगडं, उपासानं चेहरा उतरलेला.

त्यांनी हात जोडले. "हणमंत, भरल्या ताटावरनं तुला उठवलं. अन्नाच्या पुढ्यातनं माणसाला उठवू नये. चुकलं माझं. क्षमा कर."

"अहो अक्का, काय हे. तुमचं काय चुकणार? तुम्ही आत तरी या."

"नको. अजून घरं आहेत," म्हणाल्या आणि गेल्या.

मी दिवसभर हवेत होतो. माफ केलं, मिटलं, असंच मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी दुकान पाचलाच बंद केलं, दाढी केली, आणि सायकल काढून सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी त्यांच्या दारात. कडी वाजवली.

अक्कांनी दार उघडलं. "काही काम होतं?"

"नाही. काल तुम्ही आलात ना, म्हणून म्हटलं..."

"काल मी माझं मागायला आले होते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडनं जे झालं त्याचं. तुझं तुझ्याकडंच आहे की."

मला उमगलं ते तिथं, दारात. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, पट्ट्यांचं, आकड्यांचं, धुळीचं. कसं झालं, का झालं, कधी कळलं, कशातलं काही लपवलं नव्हतं. फक्त चुकलो, असं म्हटलं नव्हतं. तीन महिन्यांत नाही, त्या ताटावर नाही, आदल्या दिवशी त्या हात जोडून उभ्या होत्या तेव्हाही नाही.

त्या दार धरून उभ्या होत्या. लावून घेतलं नव्हतं. आतनं भाकरीचा वास येत होता. एक शब्द बोलायचा होता. तो घशापर्यंत आला, आणि मला एकदम भीती वाटली. क्षमा मागितली आणि त्या नाही म्हणाल्या तर? आजवर निदान मागायची तरी बाकी होती, म्हणजे मिळायची आशा होती.

"मशीन बरं चाललंय ना?" मी विचारलं.

त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं. "चाललंय."

"काही वाटलं तर फोन करा."

"करीन," म्हणाल्या, आणि दार लावलं.

अक्का त्यानंतर अकरा वर्षं त्याच बोळात राहिल्या. अकरा दिनदर्शिका जुळवल्या, एक आकडा चुकला नाही. गेल्या तेव्हाही सगळं आठवत होतं म्हणे, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. बाजारात दिसायच्या, "बरा आहेस का" विचारायच्या, मी बरा आहे म्हणायचो. फोनची मात्र मी रोज वाट बघितली. दुपारी चारच्या सुमाराला तर हमखास. तो कधी आला नाही. कसा येणार? त्या मशीनमध्ये मी शेवटी जे काम केलं होतं ते चोख होतं. ते परत कधी अडकलंच नाही.